सोन्याकडून दोन ओळी

४ जून

चि. मधल्यास ताईचे आशीर्वाद.

आधी सोबतच्या कागदावर सही कर, उलट टपालाने पाठव, आणि मग हे पत्र वाच. तुझी सवय मला माहीत आहे. तू आधी वाचतोस, मग विचार करतोस, मग कागद शर्टाच्या खिशात राहतो आणि शर्ट धुवायला जातो.

कागद ना-हरकतीचा आहे. सोन्याची कायदेशीर पालक म्हणून मला नेमायला तुझी, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावाची, हरकत नाही, एवढंच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं भांडण होतं.

आई होती तोवर कुणी काही विचारलं नाही. तिने 'मी त्याची आई' म्हटलं की दवाखान्याच्या खिडकीपलीकडचा माणूस गप्प. आईला जाऊन सात महिने झाले, आणि 'मी त्याची बहीण' म्हटलं की तोच माणूस म्हणतो, कशावरून? सोन्याच्या दातांचं तुला लिहिलं होतं. खालचे दोन पार किडलेत, हिरडी सुजते, तो जेवताना कळवळतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, याचे दात घासणं म्हणजे रोजची कुस्ती. आज दोन काढाल, वर्षाने आणखी चार, दर वेळी भूल. त्यापेक्षा एकदाच सगळे काढून टाकू. चोवीस आहेत. मला पटलं. पण खिडकीवरची बाई म्हणाली, पेशंट चव्वेचाळीस वर्षांचा आहे, सही त्याची हवी नाहीतर पालकाची. म्हणून कोर्टात अर्ज.

आता घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. कोर्टाने सोन्यासाठी वेगळी वकील नेमली. परवा ती येऊन गेली. पन्नाशीची असेल, खांद्याला उसवलेली पिशवी. शिवणकाम करणारीला ती उसवण आधी दिसते. सोन्याला अहो-जाहो करते. 'आपण कसे आहात, मी आपली वकील.' जन्मात त्याला कुणी अहो म्हटलं नव्हतं, तो नुसता बघत राहिला. मला विचारते, एवढ्या मोठ्या माणसाला सोन्या का म्हणता? मी म्हटलं, मग काय पितळ्या म्हणू?

नंतर पाटीचं विचारलं. मी सगळं सांगितलं. याच्या तोंडातून शब्द नाही, हात जन्मापासून ताठ. बत्तीस वर्षं आम्ही समजत होतो याला काही कळत नाही. मग बारा वर्षांपूर्वी त्या शिबिरात मी शिकून आले. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहायची, आपण त्याचं मनगट सावरून धरायचं, तो बोट अक्षराकडे नेतो, आपण फक्त आधार द्यायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने लिहिलं, 'आई, मला सगळं कळतं.' आईने तो कागद मरेपर्यंत उशाखाली ठेवला. हे ऐकून कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं. या बाईच्या आलं नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग वाकून त्याच्या डाव्या पायाचा पट्टा बघितला. कुणी बांधला, का बांधला, कधीपासून. मी म्हटलं, मी शिवलाय, आतून फ्लॅनेल लावलंय. नऊ वर्षांचा असताना पाय खुर्चीच्या चाकात जाऊन अंगठा मोडला, त्या पायाला झटके येतात म्हणून. तेही लिहून घेतलं. मला काही त्या बाईचं लक्षण ठीक दिसत नाही.

सही कर.

तुझी ताई

सोन्याकडून दोन ओळी: दादा, माझी काळजी करू नकोस. दातांचं ताई म्हणेल ते. ताई हेच माझं जग आहे. वहिनीला नमस्कार.


१९ जून

ती. ताईस मधल्याचा नमस्कार.

शर्ट धुतला. कागद आधी काढून ठेवला होता. सही केलेली नाही.

रागावू नकोस, पुढचं वाच. अर्जाची प्रत तूच सोबत पाठवलीस म्हणून मी वाचली. दातांचं त्यात अर्धी ओळ आहे. बाकी दीड पान 'उपचाराचे, राहण्याचे व भेटीगाठींचे सर्व निर्णय, तहहयात'. दोन दात दुखतात म्हणून एवढा कागद? राहण्याचे निर्णय म्हणजे काय? त्याला कुठे ठेवायचं चाललंय का? आणि भेटीगाठी कुणाच्या, माझ्या? पाणी कुठेतरी मुरतंय, ताई.

आणि सगळे दात कशाला? त्याला भाजलेल्या पावाची कड आवडते. लहानपणी मी माझ्या पावाची कड त्याला द्यायचो आणि तो डोळे मिटून ती अर्धा तास कुरतडत बसायचा. चोवीस दात गेल्यावर त्याने जन्मभर वाटून दिलेलं गिळायचं. तो म्हणतो 'ताई म्हणेल ते'. नीट विचारलंस त्याला?

आमच्या कागदाच्या गिरणीत बॉयलरवर दाबाच्या एका काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन काटे असतात. दोन्ही सारखे दाखवतात तोवर वाफ सोडायची, नाहीतर आग कमी करायची. कागद काय, आज ना उद्या निघेल, पण बॉयलर फुटला तर माणसं जातात. सोन्याच्या बाबतीत आपल्याकडे एकच काटा आहे, आणि तो तुझ्या हातात आहे.

म्हणून एक कर. दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो, तेव्हा एका दुपारी तू शाळेच्या गणवेशांची मापं घ्यायला गेली होतीस. मी सोन्याला उचलून गच्चीवर उन्हात नेलं होतं. तिथे मी त्याला काय सांगितलं ते त्याला विचार. उत्तर जसं येईल तसं लिही. मग सहीचं बघतो.

मधला


२ जुलै

मधल्यास.

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी रोज त्याला उचलते, पुसते, कुशीवर वळवते, भरवते. एक घास खाली उतरायला चार मिनिटं लागतात, मी मोजलीत. माझ्या कमरेचे काटे आधी बघ, मग बॉयलरचे सांग.

'सर्व निर्णय, तहहयात' हा छापील नमुना आहे. टायपिस्टने जागा भरल्या, मी सही केली. भेटीगाठी कुणाच्या म्हणून विचारतोस? तू भेटायला आलास तर प्रश्न ना. आईच्या वेळी तीन दिवस आलास, माणसांच्या गर्दीत सोन्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस.

तुझा प्रश्न त्याला विचारूच नये असं वाटलं होतं. सख्ख्या भावाची परीक्षा घेतात का कुणी? पण त्याला पत्र वाचून दाखवलं तर त्याचीच बोटं वळवळायला लागली. उत्तर खाली आहे.

आता वकीलबाईचं ऐक. काल पुन्हा आली. खुर्ची दिली तर जमिनीवर बसली, त्याच्या पायांशी. मला म्हणे, मी यांना कागद वाचून दाखवते, तुम्ही बाहेर थांबा. माझ्या घरात मी बाहेर? मी दारात उभी राहिले. तिने त्याला विचारलं, 'पट्टा सोडू का?' पाटीशिवाय तो जसा काही उत्तर देणार होता. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसली आणि सोडला. मग दवाखान्याचा कागद मोठ्याने वाचायला लागली. 'सगळे दात' इथवर आली, आणि त्याने टाच आपटायला सुरुवात केली. खुर्चीची पाय ठेवायची फळी वाकेल अशी धाडधाड. तिचा चष्मा थोडक्यात वाचला. मी धावत जाऊन पट्टा बांधला. अनोळखी बाईने घाबरवलं की याला असाच झटका येतो. ती काय म्हणाली असेल? 'पुन्हा एकदा वाचू का?' मी तिला दार दाखवलं.

आणखी एक. जाताना तिच्या पिशवीतून एक पाकीट डोकावत होतं. पिवळट जाड कागद, कडा वेड्यावाकड्या. तुमच्या गिरणीतला नापास कागद तू घरी आणतोस आणि त्यावर पत्रं लिहितोस, ती पत्रं या घरात बारा वर्षं येतायत. मी कापड जसं बोटांनी ओळखते तसा कागदही ओळखते. तू तिला काय लिहिलंस ते मला लिही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी अजून गप्प आहे.

ताई

सोन्याकडून दोन ओळी: दादा, गच्चीवरचं सगळं लक्षात आहे. तू म्हणालास, ताईचं ऐक, तिला त्रास देऊ नकोस. मी ऐकतो. वहिनीला नमस्कार.


१५ जुलै

ती. ताईस.

हो, वकीलबाईंना मीच लिहिलं. पाटीवर माझा विश्वास नाही, तुम्ही तपासून घ्या, असं लिहिलं. तुझं उत्तर येण्याच्या आधीच लिहिलं होतं, ते चुकलं. पण उत्तर आल्यावर वाटलं, बरं झालं लिहिलं.

गच्चीवर मी त्याला 'ताईचं ऐक' म्हणालो नाही. मी त्याला सांगितलं की तुझी वहिनी मला सोडून गेली. तेव्हा चार महिने झाले होते. तुला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, गिरणीत तर कुणालाच नाही. अजूनही इथले लोक समजतात ती माहेरी आजारी माणसाचं करायला गेली आहे. सोन्याला सांगितलं, कारण तो कुणाला सांगणार नव्हता. तो रडला, ताई. त्याच्या डोळ्यांचं पाणी आणि लाळ माझ्या बाहीला लागली होती, मी संध्याकाळपर्यंत तो शर्ट बदलला नाही.

त्यानंतर तुझी अकरा पत्रं आली. अकराच्या अकरा पत्रांत सोन्याकडून दोन ओळी, आणि शेवटी 'वहिनीला नमस्कार'.

पहिल्यांदा वाटलं, सवयीने लिहिलं असेल. आता बारा वर्षांची सगळी पत्रं काढून बसलो. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही काही विचारलेलं नाही. चिडलेला नाही. तुझी एक तक्रार नाही. एका घरात राहणारी दोन माणसं, आणि एकाची दुसऱ्याबद्दल तक्रार नाही, हे कुठे पाहिलंयस तू? तुला जे माहीत असतं तेच त्याला माहीत असतं. तुला जे माहीत नाही ते त्यालाही नाही. ताई, ते तू लिहितेस. बारा वर्षं तूच लिहीत आलीस. इतके दिवस त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आता त्याच हाताने 'ताई म्हणेल ते' लिहून तू त्याचे दात काढायला निघालीस, आणि उद्या आणखी काय काय लिहिशील कुणास ठाऊक.

सही करणार नाही.

गच्चीवर मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती आमच्या दोघांत राहू दे.

मधला


६ ऑगस्ट

मधल्यास.

माझी भावजय घर सोडून जाते आणि मला दोन वर्षांनी, भांडणाच्या पत्रात, पुरावा म्हणून कळतं. बरं केलंस.

तू मला खोटारडी म्हणालास. शब्द वापरला नाहीस, पण अर्थ तोच. तुझ्या डोक्यात एवढं आलं नाही का, की त्याने तुझी लाज राखली असेल? तू गुपित सांगितलंस, त्याने ते पोटात ठेवलं. मला कळू नये म्हणून माझ्यादेखत वहिनीला नमस्कार लिहीत राहिला. तुझ्यापेक्षा त्याला नातं जास्त कळतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

तुझ्या त्या वकीलबाईने कोर्टात मागणी केली आहे. सोन्या आणि मी शेजारी बसायचं, मधे पडदा. त्याला एक चित्र दाखवणार, मला एक. मी त्याचं मनगट धरायचं आणि त्याने जे पाहिलं ते पाटीवर लिहायचं. माझा वकील म्हणाला, नाही म्हणा, तुम्हाला बंधन नाही. मी म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला? १२ तारखेला आहे. निकाल लागला की तू आणि ती, दोघांनी माझ्या दारात येऊन चूक कबूल करायची. चहा मी देईन.

दातांची तारीख दवाखान्याने सप्टेंबरातली दिली आहे.

सोन्याकडून आज काही नाही. त्याला तुझा राग आलाय.

ताई


२१ ऑगस्ट

महोदय,

आपली चार पत्रं मिळाली. उत्तराला उशीर केला, कारण आपण विचारता त्यातल्या बहुतेक गोष्टी मी आपल्याला सांगू शकत नाही. मी आपल्या धाकट्या भावाची वकील आहे, आपली नाही. त्यांनी मला काय सांगितलं ते त्यांचं आहे. खुल्या कोर्टात जे झालं तेवढं लिहिते, कारण त्या प्रकरणात आपलंही नाव आहे.

सात चित्रं होती. तीन दोघांना सारखी दाखवली, चार वेगवेगळी. सारखी होती ती तिन्ही पाटीवर बरोबर आली. वेगवेगळी होती त्या चारही वेळा पाटीवर आपल्या ताईंनी पाहिलेलं चित्र आलं. शेवटच्या वेळी त्यांना छत्री दाखवली होती आणि माझ्या अशिलांना किल्ली. पाटीवर छत्री आली. मग पडदा बाजूला केला. ताईंनी किल्लीच्या चित्राकडे पाहिलं, हातातल्या मनगटाकडे पाहिलं, आणि ते अगदी हळू खाली ठेवलं. न्यायाधीशांनी दोनदा पाणी हवं का विचारलं.

आपल्या पत्रांत आपण त्यांना लबाड म्हटलं आहे. असा प्रयोग मी आयुष्यात चौथ्यांदा पाहिला. चारही वेळा मनगट धरणारं माणूस प्रामाणिक होतं. आपण हात हलवतो आहोत हे त्यांना खरंच कळत नाही. लबाड माणूस प्रयोगाला हो म्हणत नाही, हे आपल्या लक्षात यायला हवं होतं.

मला संशय घ्यायचा पगार मिळतो, तेव्हा थोडा आपल्यावरही घेते. चार पत्रांत आपण ताईंबद्दल अकरा प्रश्न विचारले. माझे अशील कसे आहेत, हा एकही नाही.

दवाखान्याची तारीख मी थांबवली आहे. कोर्टाने एक वाचाशिक्षिका नेमली आहे. त्या पाटी वापरत नाहीत. त्यांना मी फक्त एक गोष्ट दाखवली, जुलैत मला दिसलेली. ती काय, हे आपल्याला योग्य वेळी कळेल.

मला पुन्हा लिहू नये.

— अशिलांची वकील


२ सप्टेंबर

ती. ताईस.

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. फोन तू उचलत नाहीस.

मला वाटलं होतं मी खरा ठरलो की बरं वाटेल. बॉयलरपाशी दिवसभर उभा असतो आणि डोळ्यांसमोर तूच येतेस, मनगट खाली ठेवणारी. मी लबाड म्हणालो ते मागे घेतो. सोन्या कसा आहे? त्याचे दात दुखतात का? तेवढं तरी कळव.

मधला


९ ऑक्टोबर

चि. मधल्यास ताईचे आशीर्वाद.

तुझी पत्रं मिळाली. लिहायला हात होत नव्हता. आता सवयीने मागे बघते, हा हात काय करतोय म्हणून.

एक गोष्ट शपथेवर सांगते. त्याचं मनगट सरकताना मला जाणवायचं. मी ढकलतेय असं बारा वर्षांत एकदाही वाटलं नाही. उलट कधी कधी मला एक हवं असायचं आणि वेगळंच अक्षर यायचं, तेव्हा मी म्हणायचे, बघा, हे याचं स्वतःचं. कोर्टातून घरी आले आणि आईच्या पेटीतून तो कागद काढला. 'आई, मला सगळं कळतं.' तेही माझंच असणार. आई त्या सहा-सात शब्दांवर... शब्द मोजले, चारच आहेत. त्या चार शब्दांवर आई अकरा वर्षं जगली. मी तो कागद फाडायला घेतला आणि फाडवला नाही.

तीन आठवडे घरात कुणी बोललं नाही. मी पाटी कपाटावर टाकली होती. त्याला भरवताना मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. वाटायचं, हा कोण आहे? मी ज्याच्याशी बारा वर्षं बोलले तो मीच होते, मग हा कोण?

मग शिक्षिकाबाई आल्या. वकीलबाईही होती, उसवलेली पिशवी घेऊन. मला स्वयंपाकघरात बसवलं, या वेळी मी गुमान बसले. शिक्षिकाबाईंनी त्याला विचारून पट्टा सोडला आणि म्हणाल्या, हो असेल तर टाच एकदा आपटा, नाही असेल तर दोनदा. मी मनात म्हटलं, तो पाय झटक्याचा आहे, त्याला काय विचारता. पहिल्या दिवशी नुसता धडधडाट झाला. दुसऱ्या दिवशीही. नवव्या दिवशी मला बोलावलं. त्यांनी विचारलं, या तुमच्या आई का? धाड धाड. या तुमच्या ताई का? धाड. मग थांबला. मी दारातच उभी राहिले. नंतर त्यांनी विचारलं, सगळे दात काढायचे का? धाड धाड. हे मी जुलैत याच दारातून पाहिलं होतं, मधल्या. तेव्हा तो दोन-दोनदाच आपटत होता. त्या बाईने मोजलं आणि मी पट्टा बांधला.

पस्तीस वर्षं. शिवणकाम शिकल्यावर मी पहिली वस्तू शिवली ती तोच पट्टा. झिजला की नवा, असे नऊ शिवले. पाय चाकात जाऊ नये म्हणून. आता मी चाकांनाच आतून जाड कापडाचं आवरण शिवलंय, दोरीने ताणून बसवलंय, पाय आत जाऊच शकत नाही. एका दुपारचं काम. पाय बांधायच्या ऐवजी चाक झाकावं हे मला पस्तीस वर्षांत सुचलं नाही, आणि मी स्वतःला शिंपीण म्हणवते.

दोन दात काढले. दोनच. टाचेने हो म्हणाला आणि शिक्षिकाबाई, वकीलबाई, दवाखान्याच्या बाई, तिघींनी ते पाहिल्याची सही केली. बाकीचे बावीस जागेवर आहेत. घासताना अजून कुस्ती होते. काल भाजलेल्या पावाची कड दिली, तर डोळे मिटून चघळत बसला. तू म्हणाला होतास तसाच.

कोर्टाने मला पालक केलं नाही. कुणालाच केलं नाही. त्याचे निर्णय त्याने टाचेने घ्यायचे, मी समजावून सांगायचं, आणि मोठी गोष्ट असेल तेव्हा विचारायला घराबाहेरचं माणूस असायला हवं. पूर्वी मला याचा राग आला असता. तुला खरं सांगू? परवा मी त्याला एकटीने विचारलं, पाटीवर मी लिहायचे ते तुला आवडायचं का? धाड धाड. मी रडले. मग विचारलं, आईचा कागद खरा होता का, तुला सगळं कळतं का? एकदा आपटली, इतक्या जोरात की फळीचा स्क्रू निघाला. वाक्य माझं होतं, पण खोटं नव्हतं. कागद परत पेटीत ठेवला.

आता शेवटचं. शिक्षिकाबाई मुळाक्षरांची एकेक ओळ मोठ्याने वाचतात, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, आणि त्याची टाच पडेल ते लिहून घेतात. एका शब्दाला दुपार जाते. काल त्या म्हणाल्या, कुणाला काही लिहायचं आहे का? धाड. ताईला? धाड धाड. मग तुझं विचारलं. धाड.

मी स्वयंपाकघरात होते, दार लावून. त्यांना आपल्या घरचं काही ठाऊक नाही, गच्चीचं तर नाहीच. चिठ्ठी सोबत जोडली आहे. अक्षर त्यांचं आहे. मी कितीदा तरी वाचली. कुठे, ते मी त्याला विचारलं नाही, मला भीती वाटली. गच्चीवर सांगितलेली दुसरी गोष्ट ती हीच का रे? असं कबूल करून तू दोन वर्षं त्याच्याकडे फिरकला नाहीस, आईच्या वेळी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, आणि वकील मात्र माझ्यावर घातलास?

मला उत्तर देऊ नकोस. त्याला दे. पत्र मी वाचून दाखवीन, तेव्हा शिक्षिकाबाई समोर बसलेल्या असतील आणि त्याचा पाय मोकळा असेल.

ताई

सोन्याकडून:
दादा कधी नेतोस